आधी फळ, मग चहा

गुलमंडी, औरंगपुरा, कुंभारवाडा, दलालवाडी. या भागातल्या आमच्या घरांत सकाळच्या कॉफीला जागाच नव्हती. कॉफीची पूड असायची, पण फडताळाच्या वरच्या कप्प्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात. चहा न घेणारे पाहुणे आले, नाही तर एखादीला ताप आला, की तो डबा खाली उतरायचा. भरपूर दूध, वर किसणीवर दोनदा फिरवलेलं जायफळ, आणि मग घरभर वास. चहा मात्र रोजचा, पण तो मोठ्यांचा. लेकरांनी मागितला की "चहा प्यालं की काळं पडतं" ही ठरलेली धमकी. लेकरांच्या हातावर पडायचं ते फळ. आणि आजी, म्हणजे आमच्या आक्का, मोठ्यांनाही सोडायच्या नाहीत. कुणी कपाला हात घातला की आवाज यायचा, "आधी फळ, मग चहा."

हे काही श्रीमंतीचं लक्षण नव्हतं. फळ स्वस्त होतं आणि जवळचं होतं. हे शहरच बागांच्या मधोमध वसलेलं. मलिक अंबरनं 1610 साली ते खडकी या नावानं वसवलं, नहरीनं पाणी आणलं, आणि पाण्यापाठोपाठ बागा आल्या. त्याच्याही आधी, चौदाव्या शतकात, इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा इथल्या द्राक्षांना आणि डाळिंबांना वर्षातून दोनदा बहर येतो, याची नोंद त्यानं करून ठेवली. हिमायतबागेत तर आजही फळ संशोधन केंद्र आहे.

शहागंजातून फळांच्या गाड्या निघायच्या आणि उन्हं अंगणात उतरायच्या आत आमच्या बोळात पोचायच्या. बागवान चाचांची हाक लांबूनच ओळखू यायची. "अम्मा, जाम देखो, दौलताबाद का माल है!" आक्का उंबऱ्याशी बसून एकेक जांब, म्हणजे पेरू, हातात घ्यायच्या, देठाशी नाक न्यायच्या, आणि म्हणायच्या, "चाचा, दौलताबादचा म्हणता, मग वास कुठं गेला याचा?" चाचा हसून टोपलीच्या तळातला एक काढून द्यायचे. त्यांचं हिंदी, आक्कांचं मराठी, आणि मधोमध तागडी. व्यवहार चोख व्हायचा, वर एक जांब लेकराच्या हातावर फुकट.

थंडीत जांब आणि बोरं. बोरं मापट्यानं यायची. संक्रांतीला घरातल्या लहानग्याचं बोरन्हाण झालं, की त्याच्या डोक्यावरून ओघळलेली बोरं, उसाचे करवे वेचायला आम्ही तुटून पडायचो, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ त्याच बोरांवर निघायची. होळीच्या आगेमागे मृग बहाराची मोसंबी. उन्हाळा लागला की पैठणकडून गोदावरीच्या वाळूतली खरबुजं, टरबुजं. 1976 साली जायकवाडीचं धरण झालं, नाथसागर भरला, पण मोठी माणसं खरबुजाला बोट लावून "हे वाळूतलं का?" असं विचारायची ती विचारायचीच. मग आंबे. पावसाळ्याच्या तोंडाला जांभळं, आणि ओठ निळे करून शाळेत जाणारी आख्खी गल्ली. पुढं शेताकडून आलेली शेंदाडं. मग दसऱ्यापासून सीताफळं, दिवाळीला आंबे बहाराची मोसंबी, आणि पुन्हा जांब. कॅलेंडर भिंतीवर होतं, पण महिना कोणता ते आम्हाला परातीवरून कळायचं.

आंब्याबद्दल जरा थांबून सांगायला हवं. आज मराठवाड्याचा केसर नावारूपाला आला, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण आमच्या लहानपणी घरात यायचा तो गावरान. प्रत्येक झाडाला नाव. साखऱ्या, खोबऱ्या, गोट्या, शेप्या. शेप्याला खरोखर शेपूचा वास यायचा आणि तरी तो घरातल्या कुणातरी एकाचा लाडका असायचाच. माळवदाच्या अंधाऱ्या खोलीत गवतावर आढी घातली जायची. पहाटे आक्का आढीत हात घालून पाडाला आलेले आंबे नुसत्या बोटांनी ओळखून काढायच्या, दिवा न लावता. बादलीभर पाण्यात ते तासभर भिजायचे. मग अंगणात बनियनवर बसायचं, आंबा दोन्ही तळहातांत माचवायचा, देठाशी आलेला चीक पिळून टाकायचा आणि चोखायचा. कोय पांढरी होईपर्यंत उठायची परवानगी नाही. त्या कोयी धुऊन माळवदावर वाळत पडायच्या, पुढं फोडून आतला गर भाजून सुपारीत जायचा.

वाया जायचं असं काही नव्हतंच. मोसंबीच्या साली वाळवून दिवाळीच्या उटण्यात. जांभळाच्या बिया वाळवून, कुटून, बरणीत, घरातल्या तात्यांच्या मधुमेहासाठी. खरबुजाच्या बिया निवडून, सोलून लाडवात. टरबुजाची साल गायीला. सीताफळाच्या बियांची पूड शाळकरी मुलींच्या डोक्यातल्या उवांवर, आणि ती लावताना डोळ्यांवर घट्ट फडकं, कारण डोळ्यात गेली तर डोळ्याला खरंच इजा होते, हे प्रत्येक आईला ठाऊक होतं. चिंचोके खेळायला. कवठाची करवंटी भातुकलीला.

सीताफळाची सकाळ सगळ्यांत रेंगाळणारी. दौलताबाद, खुलताबादकडच्या डोंगरउतारांवरची ती सीताफळं, लहान, बियांनी भरलेली आणि अतोनात गोड. डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधली रेघ पिवळसर पांढरी झाली, की फळ काढणीला आलं. ज्वारीच्या कणगीत दोन दिवस ठेवलं की अंगठ्याच्या दाबानं दुभंगायचं. आक्का फळ मोडताना खाली परात धरायच्या, कारण एखादा गर निसटायचा. चमचा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. एकेक पाकळी ओठांनी उचलायची, जिभेनं बी सोडवायची आणि समोरच्या वाटीत टाकायची. हे घाईनं होतच नाही. शाळेची घंटा होवो, ऑफिसची वेळ होवो, सीताफळ खाणारा माणूस आपल्या गतीनंच उठतो. आणि ज्याच्या वाटीत बिया जास्त, तो त्या दिवशीचा जिंकलेला.

नियम मात्र कडक. फळावर पाणी प्यायचं नाही. रात्री जांब खायचा नाही, खोकला होतो. आंबट फळ आणि दूध एकत्र नाही. उपाशीपोटी केळं चालतं की नाही, यावर आमच्या वाड्यात आक्का आणि शेजारच्या काकू यांचं कधीच एकमत झालं नाही. दोघीही आपापल्या लेकरांना आपापल्या मतानं वाढवत राहिल्या आणि दोन्हीकडची लेकरं धडधाकट निघाली.

फळानं कॉफीसारखी तरतरी येते असं आम्ही कधी म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. कॉफीतलं कॅफिन थकव्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचू देत नाही. थकवा असतो तिथंच असतो, फक्त काही तास जाणवत नाही. फळाचं काम वेगळं. रात्रभराच्या कोरड्या अंगाला पाणी, रिकाम्या पोटाला साखर, आणि चोथ्यामुळं ती साखर हळूहळू रक्तात. 100 ग्रॅम जांबात 200 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, मोसंबीत त्याच्या चौथ्या हिश्शाएवढं. भाकरी-भाजीतलं लोह अंगी लागायला ते मदत करतं, तर जेवणाबरोबर घेतलेला चहा तेच लोह अडवतो. आक्कांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण न्याहारीची भाकरी आणि चहा यांच्यामध्ये त्यांनी जांबाची फोड घातली होती, एवढं खरं. तात्यांच्या ताटलीत मात्र जांबाच्या दोनच फोडी, सीताफळाला मनाई. रस तर कुणालाच नाही. "दात पडले की रस प्या," असं त्या म्हणायच्या.

2012-13चा दुष्काळ आमच्यापैकी कुणी विसरलेलं नाही. जालना, अंबड, पैठणकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. लोकांनी विकतचं पाणी टँकरनं आणून झाडांना घातलं, तरी कितीतरी बागा शेवटी सरपणाला गेल्या. मोसंबीला बहर धरायचा तर पाण्याचा ताण द्यावा लागतो, पण त्या वर्षी ताण द्यायला आधी पाणीच नव्हतं. बाजारात आलेली मोसंबी जाड सालीची, हलकी, आत कोरडी. त्या वर्षी आक्कांनी एकदाही घासाघीस केली नाही. सांगेल तो भाव दिला आणि सालीसकट सगळं जपून वापरलं. जालन्याच्या मोसंबीलाही भौगोलिक मानांकन मिळालंय, ते वाचताना आम्हाला आधी त्या वाळलेल्या बागा आठवतात, आणि पुन्हा लावणारी माणसंही.

आता वाडे पडले, फ्लॅट झाले. कॅनॉटला, निराला बाजारला, जालना रोडला कॉफीची दुकानं गजबजलेली असतात. तिथं बसणाऱ्या पोरांवर आमचा राग नाही. बोलायला, बसायला त्यांना जागा हवी, आणि ती तिथं मिळते. पण जाधववाडीच्या बाजार समितीत पहाटे फळांच्या गाड्या उतरत असताना याच शहरातली माणसं उपाशीपोटी दोन-दोन कप रिचवून कामाला पळतात, हे बघून जीव हळहळतो. फळ चिरायला, सोलायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं घरात कुणाच्या तरी वाट्याला यायची, आणि बहुतेक वेळा ती बाईच्याच वाट्याला यायची, हेही तितकंच खरं. ज्यांना जमेल त्यांनी आपलं फळ आपण चिरावं, एवढी सोय आजच्या घरांत झाली तर आक्कांना आनंदच होईल.

गल्लीतली बरीचशी लेकरं आता पुण्यात, हिंजवडीत, काही पार बेंगळुरूला. दिवाळीच्या सुमारास ट्रॅव्हल्सच्या गाडीनं आम्ही त्यांना खोकी पाठवतो. तळाला वर्तमानपत्र, त्यावर कडक सीताफळं, वर डोळे उघडलेली, मधल्या फटींत जांब, आणि कोपऱ्यात मोसंबी. खोक्यात चिठ्ठी असते: वरची आधी खा, खालची ज्वारीत, नाही तर तांदळाच्या डब्यात ठेव, फ्रीजमध्ये कच्ची ठेवू नको, काळी पडतात. परवा एका पुतणीचा फोन आला. सकाळची मीटिंग होती, तिनं कॅमेरा बंद केला होता आणि समोर वाटी होती. "काकू, बिया टाकू नको म्हणालात, पण इथं उवा कुणाला आहेत? काय करू त्यांचं?" आम्ही सांगितलं, कुंडीत लाव. तीन-चार वर्षं लागतात, लाव.