अकरावा गडी

फराळाच्या ताटाभोवती चार माणसे जमली आणि त्यांतला एखादा दादर-परळकडचा निघाला, की पूर्वीचा मुंबईचा संघ थोर की आताचा, हा वाद चकलीबरोबर हटकून निघतो. घरातल्या बायकांना तो पाठ असतो. गावसकरांचे नाव कानी पडले की त्या चहाचे आधण ठेवतात.

आमच्याकडे या वादाचे यजमानपद मामांकडे असते. मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत ओळीने पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकला. तेवढ्या काळात मामा शाळकरी पोराचे नोकरदार झाले, पण करंडक काही जागचा हलला नाही! गावसकर, वाडेकर, सरदेसाई, मंकड, सोलकर ही नावे ते शुभंकरोतीच्या चालीवर म्हणतात आणि मग ठेवणीतली गोष्ट काढतात. १९७१ साली ही पाचही माणसे वेस्ट इंडीजला गेलेली. मागे राहिलेल्यांना घेऊन सुधीर नाईक अंतिम सामन्यात उतरले आणि महाराष्ट्राला ४८ धावांनी हरवून आले. “अरे, आमचा उरलेला संघसुद्धा संघ होता!” असे म्हणून मामा मांडीवर थाप मारतात.

यावर काय बोलणार? तुलनेला बसलो तर वरच्या पाच जणांत मी मामांच्याच बाजूचा. गोलंदाजीतही पद्माकर शिवलकरांपुढे मी हात जोडतो. १९७३ साली चेपॉकवरच्या अंतिम सामन्यात त्यांनी तामिळनाडूचे आधी १६ धावांत ८ आणि मग १८ धावांत ५ गडी बाद केले. आणि हा माणूस भारताकडून एकही कसोटी खेळला नाही! बेदींच्याच काळात डावखुरा फिरकी गोलंदाज होणे, एवढाच त्यांचा अपराध. २०२५ साली ते गेले, तेव्हा मामा दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

पण यादी वरून खाली वाचायची, ही आपली शाळेतल्या हजेरीची सवय. २०२३-२४ चा संघ मी एकदा खालून वाचून पाहिला. आठ वर्षांनी मुंबईने करंडक आणला, बेचाळिसाव्यांदा, आणि तो पुष्कळसा खालच्यांच्या खांद्यावरून आणला. उपांत्य सामन्यात तामिळनाडूपुढे १०६ धावांत ७ गडी गेले असताना नवव्या क्रमांकावर आलेल्या शार्दूल ठाकूरने १०९ धावा काढल्या. हा पालघरचा मुलगा. खेळायच्या सामानाची पिशवी घेऊन लोकलने मुंबई गाठणारा. त्याच्या आधीच्या सामन्यात तर नवलच घडले. बडोद्याविरुद्ध नऊ गडी बाद झाल्यावर दहावा तनुष कोटियन आणि अकरावा तुषार देशपांडे यांनी मिळून २३२ धावा जोडल्या. एकाच्या नाबाद १२०, दुसऱ्याच्या १२३. एकाच डावात दहाव्या आणि अकराव्या दोघांनीही शतक काढल्याचा प्रथम दर्जाच्या क्रिकेटमधला त्याआधीचा एकच दाखला आहे : १९४६ साली ओव्हलवर सरेविरुद्ध चंदू सरवटे आणि शूट बॅनर्जी. मध्ये अठ्ठ्याहत्तर वर्षे गेली!

वरचे फलंदाज लवकर बाद होतात म्हणूनच खालच्यांना संधी मिळते, असे मामा म्हणतील. म्हणोत. त्यात तथ्य आहेच.

माझे दुखणे निराळे आहे. मी मास्तर माणूस. दर जूनमध्ये एक ना एक शिक्षक नव्या तुकडीसमोर उभा राहून सांगतो, “गेल्या वर्षीच्या पोरांची सर तुम्हांला नाही.” समोरच्या चाळीस तोंडांवरचे तेज त्या वाक्यासरशी कसे उतरते, ते मी दारातून पाहिले आहे. ज्यांना त्यांनी पाहिलेही नाही, त्यांच्याकडून ही पोरे पहिल्याच दिवशी हरून बसतात. त्यांनी करायचे तरी काय?

यंदाच्या तुकडीत एक हडकुळा मुलगा आहे. शाळेच्या संघात तो अकरावा. बहुधा पॅड बांधूनच घरी जातो. एकदा भूमितीच्या तासाला त्याने कंपासपेटी उघडली, तर झाकणात वर्तमानपत्राचे जीर्ण कात्रण चिकटवलेले : कोटियन आणि देशपांडे. मी काही बोललो नाही. त्यानेही झाकण सावकाश लावले.

ही हकीकत मी मामांना सांगितली. त्यांनी अर्धी करंजी ताटात परत ठेवली, चष्मा पुसला.

“शेवटच्या जोडीने किती म्हणालास?”

“दोनशे बत्तीस.”

“आणि अकराव्याच्या एकट्याच्या?”

“एकशे तेवीस.”

मामांनी खिशातून विजेच्या बिलाचा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. “नावांसकट लिहून दे. उद्या बाकावर म्हाताऱ्यांना दाखवतो.”