बडे सरांचा संगणक

उर्दू शाळेत संगणक आला तो कातिबाच्या जागी आला. मराठी वाचकांना हे थोडे समजावून सांगावे लागेल. उर्दूची नस्तालीक लिपी सरळ रेषेत चालत नाही. शब्द वरून उतरत डावीकडे जातो आणि एकच अक्षर शेजारी कोण आहे ते पाहून आकार बदलते. त्यामुळे मराठी वर्तमानपत्रे खिळे जुळवून निघत असताना उर्दू वर्तमानपत्रांचे पानन् पान कातिब बोरूने लिहीत आणि मग ते शिळाछापावर, पुढे ऑफसेटवर चढे. पाकिस्तानातले खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी अक्षरांच्या हजारो जोडाकृती हाताने लिहून १९८१ साली ‘नूरी नस्तालीक’ सिद्ध केली. १९९४ साली दिल्लीच्या कंपनीचे ‘इनपेज’ आले आणि साध्या टेबलावरच्या संगणकावर उर्दू उमटू लागली. लग्नपत्रिकेपासून घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिकेपर्यंत सारे त्याच्यावर आले.

आमच्या नाशिकच्या शाळेतला संगणक २००६ सालचा. पेंटियम फोर, विंडोज एक्सपी, मागे कुबड असलेला जाड पडदा. त्याच्यावर बसत ते आमचे वरिष्ठ शिक्षक. मुले त्यांना ‘बडे सर’ म्हणत, आम्हीही तेच म्हणतो. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसे, म्हणून दर दोन ओळींनंतर फाइल सेव्ह करण्याची सवय त्यांच्या बोटांना लागली होती. प्रश्नपत्रिका उरकल्या की ते आपले खरे काम काढीत. उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी उर्दू-मराठी शब्दांची यादी.

सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला, पण उर्दू शाळांतली मुले त्याच्या कितीतरी आधीपासून मराठी शिकत आली आहेत. त्यांची अडचण अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांची जास्त असते. जमीन, कागद, दुकान, वकील हे दोन्हीकडे सारखेच, म्हणून मूल निर्धास्त होते आणि पुढच्या पानावर ठेच खाते. उर्दूत राजीनामा म्हणजे समझोत्याचा कागद, मराठीत तो नोकरी सोडण्याचा अर्ज. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालमीत पहिलवान घुमतात. उर्दूतला फाजिल हा विद्वान, मराठीत फाजील म्हटले की कान पिळण्याची वेळ आली. बडे सरांची यादी नेमकी अशा शब्दांची होती. मराठी उच्चार उर्दू अक्षरांत, अर्थ उर्दूत, आणि तिसरा रकाना कोरा. कागद छापून झाला की देवनागरी ते स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने भरीत. छापलेले गठ्ठे कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते. ते वाळवीने खाल्ले. उरले ते फक्त डबड्यात.

सर निवृत्त झाले, दोन्ही डोळ्यांनी त्यांना आता मोठी अक्षरेसुद्धा नीट दिसत नाहीत. उन्हाळ्याच्या सुटीनंतर जूनमध्ये शाळा उघडली, बाहेर पावसाची झड लागलेली, आणि संगणक चालू होईना. बटण दाबले तर दिवा नाही, आवाज नाही. दुरुस्तीच्या दुकानातून मुलगा आला, उभ्या उभ्या पाहिले आणि म्हणाला, “भंगारात द्या, नवीन घ्या.” त्याच्या दृष्टीने ते खरेही असेल. एक्सपीला कंपनीने ८ एप्रिल २०१४ रोजीच वाऱ्यावर सोडले आहे. पण आत काय आहे हे त्याने विचारले नाही.

बी.एड.च्या वर्षी आम्ही संध्याकाळी वडाळा नाक्याजवळच्या एका दुरुस्तीवाल्या चाचांकडे बसत असू. त्यांचा एकच धडा होता. “पहले सूंघो, फिर सुनो, फिर खोलो.” आणि शोध नेहमी भिंतीपासून आतल्या दिशेने घ्यायचा. नववीच्या चार मुलींना घेऊन शनिवारी दुपारी आम्ही तसेच सुरू केले. आधी भिंतीतला सॉकेट, त्यात टेबललॅम्प लावून पाहिला. मग मधला स्पाइक गार्ड. मग वायर बदलून पाहिली. जुना संगणक ‘मेला’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा या तिघांपैकीच कोणीतरी मेलेले असते. येथे तिन्ही जिवंत होते.

मग डब्याची बाजूची पत्र्याची झडप काढली. आत धुळीचे नमदे. जळका वास नाही, हे बरे लक्षण. त्यानंतर वीज पुरवणारी पेटी, म्हणजे एसएमपीएस. मदरबोर्डाला लागणारा तिचा रुंद जोड काढून हिरवी तार काळ्या तारेला कागदाच्या टाचणीने जोडली की पेटी शाबूत असल्यास पंखा फिरतो. हे करताना मुलींना दूर उभे केले. त्यांना एक गोष्ट दोनदा सांगितली. ही पेटी स्वतः कधीच उघडायची नाही, प्लग काढला तरी तिच्या पोटातल्या कपॅसिटरांत विजेचा साठा राहतो. पंखा ढिम्म. दोषी सापडला. जुन्या सामानाच्या दुकानातून दुसरी पेटी आणून बसवली. बटण दाबताच पंखे घोंघावले, मुलींनी टाळ्या वाजवल्या. पडदा मात्र काळाच.

येथे लोक धीर सोडतात. खरे तर आता यंत्र बोलू लागलेले असते. चालू होताच संगणक आधी स्वतःची तपासणी करतो, स्मृती आहे का, पडद्याची सोय आहे का, आणि पडद्यावर सांगता येत नसेल तर शिटी वाजवून सांगतो. आमचा डबा थांबून थांबून लांब शिट्या देत होता. जुन्या यंत्रांत याचा अर्थ बहुधा रॅम. दमट हवेत रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दातांवर पापुद्रा धरतो आणि नाशिकचा पावसाळा त्या कामी कसूर करीत नाही. वीज काढून, हात पत्र्याला लावून अंगातली स्थिर वीज उतरवून पट्टी बाहेर काढली. एका मुलीने कंपासपेटीतले पांढरे खोडरबर दिले. दात हलकेच घासले, चुरा झटकला, पट्टी दोन्ही कानांचा ‘टक’ आवाज होईपर्यंत दाबून बसवली. एकच आखूड शिटी झाली आणि पडद्यावर अक्षरे आली.

तारीख दाखवत होती १ जानेवारी, तीही कुठल्या तरी जुन्या वर्षाची. मदरबोर्डावरचा तीन व्होल्टचा गोल सेल संपला होता. वीस मिलिमीटर व्यासाचा, ३.२ जाडीचा, म्हणून त्याचे नाव २०३२. घड्याळवाल्याकडे मिळतो. तो बदलला. चार-पाच कपॅसिटरांची डोकी फुगलेली दिसली. त्या काळातल्या बोर्डांचा हा ठाऊक असलेला रोग आहे. सपाट डोक्यावर टेंगूळ आले की त्याचे दिवस भरले समजावे. असे यंत्र चालले तरी किती तास चालेल हे सांगता येत नाही. म्हणून विंडोज सुरू करण्याचा मोह आम्ही टाळला. हार्ड डिस्क काढून, जुन्या चाळीस पिनांची जोडणी यूएसबीला लावणारी तार वापरून ती दुसऱ्या संगणकाला जोडली. डिस्क कटकट वाजत असती तर तेथेच थांबलो असतो, कारण वाजणारी डिस्क प्रत्येक फेऱ्यात आणखी खरवडली जाते. ती शांत फिरली. आधी सगळी नक्कल, मग उघडून पाहणे, या क्रमात आम्ही कधी तडजोड करीत नाही.

सरांच्या फाइली निघाल्या, पण त्या काळच्या इनपेजची अक्षरे युनिकोडमध्ये नव्हती. रूपांतर केले तेव्हा शब्द एकमेकांना चिकटून आले. रे, दाल, वाव ही अक्षरे पुढच्या अक्षराला जुळत नाहीत, त्यामुळे लिहिताना मधली जागा आपोआप दिसते आणि टंकणारा स्पेस दाबतच नाही. डोळ्याला दिसणारी जागा यंत्राच्या लेखी नव्हतीच. आता एकेक शब्द सोडवावा लागतो. आम्ही रोज मधल्या सुटीत एक पान करतो.

देवनागरीचा रकाना मुली भरतात. ‘तालीम’ आला तेव्हा त्यांच्यात वाद झाला. सरांनी फक्त आखाडा लिहिला होता. एक मुलगी म्हणाली, २७ फेब्रुवारीला मराठी दिनाच्या नाटुकल्याची आपण तालीम केली, ती कुठे गेली? आम्ही सरांना फोन लावला. ते बराच वेळ गप्प राहिले, मग विचारले, “बेटा, डबा खरंच चालू झाला?” हो म्हटल्यावर म्हणाले, “लिहा मग. आखाडा एक, नाटक दोन. आणि गायकाची तालीम राहिली, ती तीन.”

आता ‘सीन’पर्यंत पोचलो आहोत.