मेण जाते, मूर्ती उरते

देवघरातली पितळेची अन्नपूर्णा किंवा रांगता बाळकृष्ण सणासुदीला चिंच लावून घासताना ही मूर्ती घडली कशी, असा प्रश्न आपल्यापैकी किती जणींना पडतो? दगडाची मूर्ती छिन्नीने कोरतात, मातीची हाताने घडवतात, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण धातूची? पितळ काही कणकेसारखे मळता येत नाही. मग त्या बाळकृष्णाच्या कुरळ्या जावळाची बट न् बट कोणी आणि कशी काढली?

मला या प्रश्नाचे उत्तर घरातच मिळायला हवे होते, कारण माझे आजोबा ओतारी. सातारा जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी त्यांची भट्टी होती. बैलांच्या घुंगुरमाळा, देवळातल्या घंटा, बायकांची जोडवी ते ओतून देत. वडील शिकले, पोस्टात लागले आणि आजोबांबरोबर भट्टीही विझली. राखेत बसून खोकणारा बाप वडिलांनी पाहिला होता. त्यामुळे टेबल-खुर्चीचे काम मिळाल्याचे त्यांना मोठे समाधान होते. आमच्या घरात त्या धंद्याबद्दल फारसे कोणी बोलत नसे. लग्नासाठी स्थळे येऊ लागली तेव्हा तर तो शब्दच मागे पडला. ‘मुलीचे वडील पोस्टात आहेत’ एवढे पुरेसे होते.

ही गोष्ट मला पुन्हा सापडली ती थेट कोलकात्यात. १९९६ साली यजमानांची तिकडे बदली झाली. परमुलखात मराठी बोलायला मिळावे म्हणून मी हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात जाऊ लागले. एका संक्रांतीला हळदीकुंकवाच्या गप्पांत कुळाचा विषय निघाला आणि मी आजोबांचा धंदा सांगितला. चाळीस वर्षे कोलकात्यात काढलेल्या एक काकू चटकन म्हणाल्या, “अगं, मग तू मीरा मुखर्जींचं काम बघायलाच हवं. केवढी मोठी शिल्पकार! आणि शिकली कोणाकडे, तर तुझ्या आजोबांसारख्या माणसांकडे.”

मीरा मुखर्जी हे नाव मी तोवर ऐकलेले नव्हते. मग मिळेल तिथून वाचत गेले, विचारत गेले.

मीराबाईंचा जन्म १९२३ सालचा, कोलकात्यातला. लहान वयातच अवनींद्रनाथ ठाकुरांच्या परंपरेतल्या चित्रशाळेत त्यांचे धडे सुरू झाले. लग्न झाले, ते टिकले नाही. पुढे दिल्लीला कलाशिक्षण झाले आणि १९५३ साली शिष्यवृत्ती मिळवून त्या जर्मनीला, म्युनिकच्या कला अकादमीत गेल्या. त्या काळात एकट्या बाईने एवढ्या लांब शिकायला जाणे ही साधी गोष्ट नव्हती. परदेशी शिक्का घेऊन परतल्यावर मोठ्या शहरात स्टुडिओ थाटता आला असता. पण आपल्या मातीतली धातूची कला कुठे आहे, हा प्रश्न घेऊन त्या बस्तरच्या जंगलपट्ट्यात गेल्या आणि घडवा कारागिरांच्या अंगणात मांडी घालून बसल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांना त्यांनी गुरू मानले. पुढे भारतीय मानववंशशास्त्र सर्वेक्षण या संस्थेसाठी त्या देशभरच्या धातुकारागिरांकडे फिरल्या आणि त्यावर ग्रंथ लिहिला.

मला सगळ्यात भावली ती १९६८ सालची गोष्ट. त्या वर्षी त्यांना राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. तो मिळाला धातुकामातल्या निष्णात कारागीर म्हणून. म्युनिकमध्ये शिकलेल्या या बाईंनी ‘कारागीर’ हा शब्द आपल्याला कमीपणा आणणारा मानला नाही. आमच्या घरात जो शब्द मागे सरकला होता, तो त्यांनी मानाने पुढे आणला होता.

हे वाचल्यावर आजोबा नेमके काय करत, ते डोळ्यांनी पाहावेसे वाटू लागले. बंगालमध्ये या कामाला ‘डोकरा’ म्हणतात. बाँकुड्याजवळचे बिकना आणि पूर्व बर्धमान जिल्ह्यातले दरियापूर ही त्याची नावाजलेली गावे. २००१ च्या हिवाळ्यात ओळखीच्या एका बंगाली शिक्षिकेला बरोबर घेऊन मी हावड्याहून गाडी पकडली. शांतिनिकेतनला जाणाऱ्या त्याच मार्गावर, बोलपूरच्या अलीकडे गुसकरा स्टेशन लागते. तिथे उतरून दरियापूर गाठले.

लहानशी वस्ती. दाराशी कोंबड्या, मातीचे ढीग, मोडीच्या भांड्यांची पोती. एका म्हाताऱ्या कारागिराच्या ओसरीत आम्हाला बसायला पाट मिळाले. दोन दिवस जाऊन-येऊन मी जे पाहिले ते असे.

आधी मातीचा गाभा करतात. घुबड करायचे असेल तर घुबडाच्या आकाराचा, पण डोळे, पिसे काही नसलेला नुसता गोळा. तो वाळला की त्यावर मेण चढते. मधमाश्यांचे मेण, राळ आणि मोहरीचे तेल एकत्र कढवलेले असते. घरातल्या बायका पाटावर त्याचे शेवयांसारखे बारीक धागे वळतात. बस्तरमध्ये यासाठी आपल्या शेवेच्या सोऱ्यासारखे लाकडी यंत्र वापरतात. हे धागे गाभ्यावर एकाला एक लावून गुंडाळत न्यायचे. डोळ्याला वेटोळे, पंखाला नक्षी, चोचीला चिमूट. आता मेणाचे घुबड तयार.

मग त्यावर गाळलेल्या मऊ मातीचा पातळ थर. हा थर मेणाच्या प्रत्येक रेघेत शिरायला हवा. पुढचे थर जाड, तूस आणि शेण घातलेल्या मातीचे. एका टोकाला वाट ठेवायची आणि त्या वाटेच्या तोंडाशी मातीचीच वाटी जोडून तिच्यात पितळेचे तुकडे भरायचे. वाटीही मातीने बंद. म्हणजे साचा आणि धातू वितळवायची मूस दोन्ही एकाच गोळ्यात. बाहेरून पाहणाऱ्याला मातीच्या एका बेढब भोपळ्यापलीकडे काही दिसत नाही.

असे आठ-दहा भोपळे वाट्या खाली करून भट्टीत ठेवले. आत काय चालले असेल ते नुसते मनाशी समजायचे. मेण चुलीवरच्या तुपाइतक्या सहज विरघळते, मातीत मुरते, जळून जाते आणि त्याच्या जागी पोकळी उरते. पितळ वितळायला मात्र नऊशे अंशांच्या वर उष्णता लागते. तिथे उष्णतामापक वगैरे काही नव्हते. म्हातारबाबा ज्वाळेकडे पाहत होते. पितळेतले जस्त जळू लागले की ज्वाळेला हिरवट झाक येते. ती दिसताच त्यांनी हात वर केला. बोलणी थांबली. त्यांच्या सुनेने पोरांना मागे ओढले. मुलाने लांब चिमट्याने एकेक लालबुंद गोळा उचलून उलटा करून ठेवला. आतला रस वाटीतून पोकळीत उतरला असणार, पण दिसले काहीच नाही. पुरेसे उतरले की नाही, मध्ये हवा अडकली की काय, हे गार होऊन साचा फोडल्याशिवाय कळत नाही.

आणि साचा एकदाच फोडता येतो. मेणाची मूळ मूर्ती केव्हाच गेलेली असते. ओत फसला तर चार दिवसांची मेहनत मोडीत जाते आणि पुन्हा गाभ्यापासून सुरुवात. त्या दिवशी नऊ गोळ्यांतले दोन फसले. एका हत्तीला सोंडच आली नाही. म्हातारबाबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि मोडीच्या पोत्यात टाकला. चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही.

ही विद्या किती जुनी आहे, ते शाळेच्या पुस्तकातल्या चित्रावरून तुम्हाला माहीत आहे, फक्त त्या दृष्टीने आपण पाहिलेले नसते. मोहेंजोदडोला १९२६ साली सापडलेली ती वीतभरही नसलेली नर्तकी मेणाच्या पद्धतीनेच ओतलेली आहे. चोळांचे नटराज तसेच घडले. आपल्या नगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार तांब्याची शिल्पे निघाली. सगळी मिळून साठ किलोंच्या वर. तीही याच पद्धतीची मानतात. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ ग्रंथात ही कृती लिहून ठेवली आहे. मेण आधी तोलावे आणि त्यावरून तांबे, रुपे, सोने किती पट घ्यायचे ते ठरवावे, असा हिशेबही त्यात आहे. संस्कृतात मेणाला ‘मधूच्छिष्ट’ म्हणतात, म्हणजे मधाचे उष्टे. मध काढून घेतल्यावर जे उरते त्यातून देव घडवायचा!

निरोप घेताना म्हातारबाबांनी विचारले, “दीदी, तुमच्या देशी हे काम करणाऱ्याला काय म्हणतात?”

“ओतारी. माझे आजोबा ओतारी होते, दादा.”

“म्हणजे आपलीच की तुम्ही!” ते हसले. मग मुलाकडे बोट करून म्हणाले, “हा भाताच्या गिरणीत जातो. सुट्टी असली की भट्टीशी येतो. पितळ महाग झालं, मेण महाग झालं. व्यापारी माल वजनावर घेतो. सोंड चांगली आली काय न् वाईट आली काय, भाव किलोचाच.”

त्यांचे ते बोलणे माझ्या मनातून गेले नाही. मीराबाईंचा कलिंगच्या युद्धानंतरचा सम्राट अशोक दिल्लीच्या मौर्य हॉटेलच्या आवारात उभा आहे. अकरा फुटांहून उंच. एवढे धूड एका ओतात निघणे शक्य नव्हते, म्हणून तो तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडला. अंगभर त्याच मेणाच्या धाग्यांच्या रेघा दिसतात, त्यांनी त्या घासून पुसून टाकल्या नाहीत. कोलकात्याजवळ नरेंद्रपूरच्या बाजूला एलाची गावात त्यांची भट्टी लागे आणि आजूबाजूची साधी माणसे हाताखाली असत. त्यांच्या शिल्पांतही नावाडी, मजूर, गाणारे-वाजवणारे अशीच माणसे आहेत. १९९२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९८ मध्ये त्या गेल्या. आज त्यांच्या शिल्पांना मोठमोठ्या बोली लागतात. पद्धत तीच, मेण तेच, भट्टीशी होणारी घालमेल तीच. फरक एवढाच की एका मूर्तीला नाव आहे आणि दुसरीला वजन. मीराबाईंना तो फरक चांगला ठाऊक होता. म्हणूनच आयुष्याची कितीतरी वर्षे त्यांनी त्या बिननावाच्या माणसांविषयी लिहिण्यात घातली.

दरियापूरहून मी एक घुबड आणले. बंगालात ते लक्ष्मीचे वाहन, शुभ मानतात. त्या मे महिन्यात साताऱ्याला गेले तेव्हा वडिलांच्या हातात दिले. तेव्हा ते पंचाहत्तरीला आले होते. मला वाटले, बरे आहे म्हणून टेबलावर ठेवतील. त्यांनी चष्मा लावला आणि घुबड पहिल्यांदा उलटे केले. तळाशी अंगठा फिरवत एका जागी थांबले.

“इथून ओतलंय,” ते म्हणाले. “कानस नीट मारलेली नाही.”

मग तासभर ते बोलत होते. ओतायच्या रात्री घरात मोठ्याने बोलायची बंदी असे. आई भाकरी बांधून भट्टीशी पाठवी. बारा वर्षांचे होईपर्यंत घुंगरांवरचे मेणाचे काम तेच करत, कारण पोराची बोटे बारीक. “अण्णा म्हणायचे, तुझा धागा माझ्यापेक्षा सारखा येतो.” हे वाक्य त्यांनी पन्नास-साठ वर्षांत कोणाला सांगितले नव्हते. माझ्या आईलासुद्धा नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत ऐकत उभी होती.

वडील आता नाहीत. आमच्या घरातली विद्या त्यांच्याबरोबर संपली, आणि ती परत येईल अशा भ्रमात मी नाही. पोटासाठी धंदा बदलणाऱ्याला दोष तरी कसा द्यावा? पण जिथे भट्ट्या अजून पेटतात तिथे आपण एवढे करू शकतो. बस्तरच्या आणि बंगालच्या डोकरा कामाला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. बंगालला ते २०१८ साली मिळाले. आपल्याकडच्या हस्तकला प्रदर्शनांत या मूर्ती येतात. घ्याल तेव्हा घासाघीस जरा कमी करा. विकायला स्वतः कारागीर बसला असेल तर गाव विचारा, नाव विचारा आणि घरी गेल्यावर एखाद्या कागदावर लिहून मूर्तीखाली ठेवा. ती मूर्ती उद्या तुमच्या नातवंडांच्या हातात जाईल. निदान त्यांना तरी तळाशी एक नाव सापडू दे.