भीती शार्कची, की आणखी कशाची?

सहल म्हणजे पूर्वी महाबळेश्वर, माथेरान, फार तर उटी. हल्ली मध्यमवर्गीय कुटुंबांचे बेत थेट समुद्राच्या पोटात शिरू लागले आहेत. तारकर्लीला पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाऊन आलेली मंडळी आता गावोगाव भेटतात. त्यापुढची पायरी म्हणजे लक्षद्वीप, अंदमान किंवा मालदीव. आणि तिथून परत आल्यावर "शार्क दिसला का?" हा प्रश्न ठरलेलाच.

चेन्नईच्या शोळिंगनल्लूरमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातही हा विषय निघाला. जुन्या महाबलिपुरम रस्त्यावरची ही संगणक कंपन्यांची वस्ती. पती-पत्नी दोघेही तिथेच नोकरीला. मुलगी चौदा वर्षांची. शिवाय मालवणहून येऊन वर्षातले सहा महिने राहणारी आजी. लग्नाच्या सोळाव्या वाढदिवसाला अंदमानला जायचे आणि शार्क असलेल्या पाण्यात उतरायचे, असे पतीने जाहीर केले. चेन्नईहून विमानाने दोन-सव्वादोन तासांत श्रीविजयपुरम, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर. तिथून बोटीने स्वराज द्वीप, ज्याला २०१८ पर्यंत हॅवलॉक म्हणत.

पत्नीच्या पोटात गोळाच आला. 'जॉज' हा १९७५ सालचा चित्रपट तिने लहानपणी पाहिला होता आणि पुढे कितीतरी दिवस ती गुडघाभर पाण्यातही गेली नव्हती. आजी मात्र हसली. "आमी मोरी खातव, मोरी आमका खाणा नाय," ती म्हणाली. मालवणात शार्कला मोरी म्हणतात, मुंबईकडे मुशी. मोरीचे मटण ही आजीची खासियत. शेजारच्या तमिळ बाईंनीही सांगितले, की इकडे बाळंतिणीला दूध यावे म्हणून 'सुरा पुट्टू' करून घालतात. सुरा म्हणजे शार्कच!

आजी बोलली ते खोटे नाही

माणसाने काही कुरापत काढलेली नसताना शार्क चावल्याच्या घटना जगभरात वर्षाला साधारण साठ-सत्तर नोंदल्या जातात. त्यांत दगावणाऱ्यांची संख्या दहाच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. उलट मासेमारीमुळे एकट्या २०१९ साली किमान आठ कोटी शार्क मारले गेले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. शार्क उशिरा वयात येतो आणि त्याला पिल्लेही थोडी होतात. त्यामुळे झालेली तूट लवकर भरून निघत नाही. ज्या कादंबरीवर 'जॉज' बेतला होता, तिचे लेखक पीटर बेंचली यांनीही पुढे शार्क वाचवण्याच्या कामाला वाहून घेतले.

अंदमानात पाणबुड्यांना सहसा दिसतो तो पंखांच्या टोकाला पांढरा ठिपका असलेला, दीडेक मीटर लांबीचा रीफ शार्क. दिवसा तो प्रवाळाच्या कपारीत पडून असतो आणि रात्री मासे, ऑक्टोपस शोधत हिंडतो. तिथे जपायचेच असेल, तर खाऱ्या पाण्यातल्या मगरीला जपावे. काही किनाऱ्यांवर तसे इशाऱ्याचे फलकही असतात.

हे सगळे वाचल्यावर पत्नीची भीती पुष्कळ ओसरली. खरी अडचण पुढेच होती.

एका चौकटीचा प्रश्न

पाण्यात उतरण्यापूर्वी प्रकृतीविषयी एक फॉर्म भरावा लागतो. त्यात विचारले होते, "दमा आहे किंवा होता का?" तिला लहानपणी दमा होता. आताही जिने चढताना, थंड हवेत कधीतरी छातीत सूं-सूं होई.

"'नाही' लिही," पती म्हणाला. "वीस वर्षांत तुला कधी दवाखान्यात न्यावं लागलंय का? 'हो' लिहिलंस तर डॉक्टरचा दाखला मागतील आणि सगळा बेत बारगळेल."

शेजारी मुलगी आपला फॉर्म भरत होती. तिने मान वर करून विचारले, "मग मला सर्दी असली तरी मीही 'नाही'च लिहू का?"

दोघेही गप्प झाले. सर्दी असताना खाली गेल्यास कानातला दाब मोकळा होत नाही आणि पडद्याला इजा होऊ शकते, हे पोहण्याच्या तलावातल्या पहिल्याच धड्यात तिघांना शिकवले होते. आईने पेन उचलले आणि 'हो' या चौकटीत खूण केली.

छातीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि नकार दिला. कारणही समजावून सांगितले. पाण्यात दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो. तिथे घेतलेली हवा वर येताना फुगते. श्वासनलिका आकसलेली असेल, तर ती हवा आत अडकून फुप्फुस फाटू शकते. दमा असलेल्या प्रत्येकाला मनाई असते असे नाही, पण तो निर्णय डॉक्टरांचा, घरच्यांचा नव्हे.

बेत मात्र बारगळला नाही. बापलेकीने रीतसर प्रशिक्षण पुरे केले. स्वराज द्वीपजवळच्या समुद्रात दोघे उतरले, तेव्हा ती होडीत बसून होती. पाण्यावर येणाऱ्या बुडबुड्यांवरून तिची नजर हलत नव्हती. पाऊण तास तिला पाऊण दिवसासारखा वाटला. शार्क तिच्या मनातही नव्हता. डोक्यात एकच विचार घोळत होता, लेक श्वास रोखून तर धरणार नाही ना? कारण वर येताना श्वास रोखणे हीच तिथली सर्वांत मोठी चूक.

दोघे वर आले ते पाच मीटरवर तीन मिनिटे थांबून, शिकवल्याप्रमाणे सावकाश. "आई, दिसला! कपारीतून निघाला आणि सरळ गेला. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही!" मुलीच्या स्वरात आनंद होता आणि थोडा रागही.

परतीच्या दिवशी सकाळी आणखी एक फेरी मारावी, असे पतीच्या मनात आले. या वेळी पत्नीने तासांचा हिशेब मांडला. अनेक वेळा खाली गेल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान अठरा तास जावे लागतात. नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका असतो. विमान दुपारचे होते. पतीने काही न बोलता सामान बांधायला घेतले.

घरी आल्यावर मुलीने आजीच्या मोरीला हरकत घेतली. आजीने मोरी सोडली नाही, पण एक गोष्ट कबूल केली. "आमच्या टायमाक मोरी केवढी येय! आता हातभर गावता." देवमुशी म्हणजे व्हेल शार्कला २००१ पासून कायद्याचे संरक्षण आहे. जाळ्यात अडकलेला असा संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्र सरकार २०१८ पासून नुकसानभरपाई देऊ लागले. हे ऐकून आजी म्हणाली, "ह्या बरा केल्यानी."

सुट्टीत समुद्राखाली जरूर जावे. मुलांनाही न्यावे, दहा वर्षांपुढच्या मुलांना प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली ते शिकता येते. मात्र निघण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाने आपला फॉर्म स्वतः आणि खरा भरावा. शार्क बहुधा पाठ फिरवून निघून जातो. लपवलेले दुखणे मात्र आपल्याबरोबरच खाली उतरते.