तंबूतला 'सोंगाड्या'

दादा कोंडके यांच्यावर लघुप्रबंध लिहावा, असे मी सुचवले तेव्हा माझ्या मार्गदर्शकांनी मंद स्मित करून विषय बदलला. म्हणून आज ते येथे लिहितो.

१९३२ साली मुंबईच्या गिरणगावात जन्मलेले, 'अपना बाजार'मध्ये नोकरी केलेले दादा वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'ने नावारूपास आले. भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'नंतर १९७१ मध्ये 'सोंगाड्या' आला. दादरच्या 'कोहिनूर'साठी झालेला संघर्ष सर्वश्रुत आहे. तेथे रेंगाळत नाही. पुढे ९ रौप्यमहोत्सवी चित्रपटांमुळे दादांचे नाव गिनीज बुकात गेले.

रौप्यमहोत्सव म्हणजे २५ आठवडे, आणि ते मोजले जातात पक्क्या चित्रपटगृहांत. दारव्ह्याजवळ सालदारी करणाऱ्या माझ्या आजोबांनी 'सोंगाड्या' पाहिला तो जत्रेतल्या तंबूत, बहात्तरच्या दुष्काळानंतर, जमिनीवर बसून. भाबडा नाम्या पाहून पोट धरून हसलो, एवढेच ते सांगत. दोन दिवसांत तंबू उठला. त्या हशाची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

आजीला विचारले, तू गेली होतीस का?

"आमाले कोन नेते?"

दादांच्या द्व्यर्थी संवादांचे आणि सेन्सॉरशी उडालेल्या खटक्यांचे किस्से आपण चवीने सांगतो. त्यांत तंबूबाहेरच्या या बायका कधी येत नाहीत. गाणी मात्र आजीला सगळी पाठ आहेत. तंबूवरच्या भोंग्याचा आवाज तिच्या चुलीपर्यंत येत असे.