उद्यांचें व्याकरण

पन्नाशीनंतर नवी भाषा शिकूं नये म्हणतात. मीं पोर्तुगीज शिकावयास घेतली, आणि भविष्यकाळापाशींच रेंगाळलों.

'मी बोलेन' याला तेथें 'फालारै' असें डौलदार रूप आहे. मूळ धातूला 'मजपाशीं आहे' अशा अर्थाचें लॅटिन क्रियापद जोडून तें घडलें. तो सांधा इतका सैल कीं, लेखी भाषेंत 'फालार-ते-ऐ' म्हणतांना 'तुला' हें सर्वनाम खुशाल मध्यें शिरून बसतें! परंतु रोजच्या बोलण्यांत बहुधा 'वो फालार'. शब्दशः, 'जातों बोलावयास'. भविष्य जवळ आलें कीं त्याला पाय फुटतात, असाच जणूं त्या भाषेचा समज.

आपणही निरोप घेतांना 'येतों' म्हणतों, तें कांहीं उगाच नव्हे. गांवीं माझी वृद्ध आई फोनवर विचारते, "येशील ना रे?" 'येईन' या उत्तरावर ती नुसती 'बरं' म्हणते, 'निघतोंच आहें' म्हटलें कीं अंथरूण उन्हांत घालावयास उठते. व्याकरण ती शिकलेली नाहीं. पण ऐंशीव्या वर्षीं दूरचें भविष्य परवडत नाहीं, हें तिला ठाऊक आहे.