आधी ओ दी!

गेल्या वर्षीच्या चावदिसाची, म्हणजे नरकचतुर्दशीची पहाट. तुळशीपुढे अंगठ्याने कारीट फोडून झाले होते. स्वयंपाकघरात आई नव्या तांदळाच्या फोवांचे प्रकार मांडत होती, आणि मी मात्र मालवणातल्या आमच्या घराच्या पडवीत लॅपटॉप उघडून बसलो होतो.

"रे, फोव खावक ये!" पहिली हाक. मग दुसरी, मग तिसरी.

मी ऐकत होतो. पण मन गुंतले होते. माझा धंदा ड्रायव्हर लिहिण्याचा. एस.टी.चा ड्रायव्हर वेगळा. माझा ड्रायव्हर हा दुभाष्या. संगणकाला जोडलेल्या यंत्राची बोली तो लिनक्सच्या कर्नलला समजावून देतो. यंत्राला काही सांगायचे असले की ते हाक मारते. तिला आम्ही इंटरप्ट म्हणतो. कर्नल हातातले काम टाकून ती ऐकतो. पण कधी कधी एकाच तारेवर दोन-तीन यंत्रे असतात. चाळीत पोस्टमनने खालून 'पाटील!' म्हणावे आणि पाटील तीन निघावेत, तसलाच प्रकार! म्हणून 'ही माझी' किंवा 'माझी नव्हे' असे प्रत्येक ड्रायव्हरने सांगायचे असते.

माझ्या ड्रायव्हरला एकच हाक ओळखता येई: 'माहिती आली.' यंत्र 'भांडे भरून सांडते आहे' असे ओरडू लागले, की तो 'माझी नव्हे' म्हणून मोकळा! आणि हे यंत्र असे, की ओ मिळेपर्यंत हाक सोडायची नाही. कर्नल सोशिक खरा. पण लाखभर हाकांतल्या ९९,९०० हून अधिक हाकांना कुणी ओ दिली नाही, तर तो ती तारच बंद करतो आणि दप्तरात नोंद करतो: 'कुणालाच फिकीर नाही.' मग सारे शांत. त्या तारेवरची दुसरी निरपराध यंत्रेही मुकी!

"येवचा तेवा ये, पण आधी ओ तरी दी रे!" आई दारात उभी होती.

माझा हात थबकला. चूक तीच तर होती! हाकेची सगळी कारणे वाचायची, प्रत्येकाची पोच तिथल्या तिथे द्यायची, आणि वेळखाऊ काम मागाहून निवांत करायचे. दहा-बारा ओळींत दुरुस्ती झाली.

फोव वाढताना तिच्या मनगटाकडे लक्ष गेले. हाड सांधले होते. पण जरा वाकडेच. पावसात विहिरीवर घसरली होती.

"मग फोन का नाही केलास?"

"केललंय ना. दोनदा. तू उचलूक नाय. मगे म्हटलंय, कामात आसतलंस."

त्यानंतर तिचे फोन आलेच नव्हते. मी समजलो होतो, सगळे ठीक आहे. कर्नलने निदान दप्तरात लिहून तरी ठेवले असते.

हल्ली तिचा फोन आला, की हातात काहीही असो, मी आधी उचलतो. "मागसून करतंय गो," एवढेच सांगतो.

"बरा," ती म्हणते, "काय नाय, सहज केललंय."